भाच्याची जुनी केस अन् भरतीचा फॉर्म: लिहायचं का नाही लिहायचं?

चाटीगल्लीचा_मामा | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं नुसता वाचून जातो, आज माझ्यावरच वेळ आलीय म्हणून लिहायलोय. जरा लांबड लागेल.

बहीण विड्या वळते, दाजी यंत्रमागावर. त्यांचा थोरला, म्हणजे माझा भाचा, आता विशीत आहे. २०२२ च्या विसर्जन मिरवणुकीत लेझमाच्या पहिल्या लाइनीत कुणी उभारायचं यावरून दोन मंडळांत जुंपली. तीन मोठी पोरं होती अन् चौथा हा. हा तेव्हा सोळा वर्षं चार महिन्यांचा. समोरच्या पोराच्या डोक्यात लेझीम बसला, सात टाके पडले. कुणी मारला ते आजपर्यंत कुणाला माहीत नाही. ३२४ (हत्यारानं दुखापत) लागलं, चौघांची नावं एकाच एफआयआरमध्ये. मोठ्यांची केस कोर्टात अजून चालूच आहे. ह्याची तेव्हा 'रिमांड होमच्या कोर्टात' चालली. चार-पाच तारखा झाल्या अन् २०२३ मध्ये समज देऊन आईबापाच्या ताब्यात दिला.

आता पोरगं सोरेगावच्या एसआरपीत (राज्य राखीव पोलीस) भरती व्हायचं म्हणून दोन वर्षं पहाटे चारला उठून पळायलंय. पाच किलोमीटर मारलं, लेखी निघाली, यादीत नाव आलं. साक्षांकन नमुना भरायला बसलो तर त्यात विचारलंय, कधी गुन्हा दाखल झाला होता का, अटक झाली होती का. पोरगं पेन धरून तासभर तसंच बसलं. ओळखीचा एक ठाण्यातला माणूस म्हणतो, "सिस्टीमला नाव दिसतंय की." दुसरा म्हणतो, लहानपणीचं काही लिहायचं नसतंय. बहिणीनं त्या वेळचा कागद विडीच्या पानांच्या टोपलीखाली बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलाय, पण ती झेरॉक्सची झेरॉक्स. घडीत तंबाखूची भुकटी अन् शिक्क्याच्या जागी नुसता काळा ढब्बा.

कुणी जाणकार आहे का?

लेझीम_फर्स्ट_लाइन | रात्री १०.५२

मालक, पहिल्या लाइनीवरून सोलापुरात काहीही होऊ शकतंय. बाकी कायद्यातलं मला कळत नाही. वकीलताई येईपर्यंत काही भरू नका.

निवृत्त_जमादार | रात्री ११.१५

३१ वर्षं खात्यात काढली, म्हणून सांगतो. लपवू नका. पडताळणीला कागद ठाण्यात येतो, ठाण्यातला माणूस सीसीटीएनएसला, म्हणजे पोलिसांच्या गुन्हेनोंदीच्या कॉम्प्युटरला, नाव टाकतो. निघालं आणि फॉर्मवर 'नाही' लिहिलेलं असलं, तर गुन्ह्यापेक्षा खोटं बोलल्याचं जास्त भोवतं. चांगली पळणारी पोरं यात गेलेली बघितलीत.

ॲड_जुळेसोलापूर | मंगळवार, सकाळी ७.३०

मामा, आधी एक सांगा. बाल न्याय मंडळाने, म्हणजे तुमच्या त्या 'रिमांड होमच्या कोर्टाने', त्याला निर्दोष म्हणून सोडलं, की 'कृत्य केले' असं धरून समज दिली? कायद्यात दोन्हीची कलमं वेगळी. पहिलं १७, दुसरं १८. कागदावर यातलं काय आहे?

तोवर बाकीचं सांगते, कारण हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून दोनदा तरी येतो.

कायदा म्हणजे बाल न्याय अधिनियम, २०१५. १५ जानेवारी २०१६ पासून लागू. अठराच्या आतलं मूल त्यात 'आरोपी' नसतं, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असतं. शब्द बोजड आहे, मान्य. पण तो मुद्दाम केलेला आहे. मुलाला 'अटक' होत नाही, 'ताब्यात' घेतात. 'खटला' चालत नाही, 'चौकशी' होते. 'शिक्षा' नसते, 'आदेश' असतो. आणि तुम्ही ज्याला रिमांड होमचं कोर्ट म्हणता ते बाल न्याय मंडळ. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यात किमान एक स्त्री.

आता तुमच्या कामाची तीन कलमं.

कलम २४(१): बालक असताना घडलेल्या गुन्ह्याबद्दल मंडळाने काही ठरवलं असलं, तरी दोषसिद्धीमुळे जी अपात्रता चिकटते ती त्याला चिकटत नाही.

कलम २४(२): अपिलाची मुदत किंवा नियमात सांगितलेला काळ संपला की ती नोंद नष्ट करायचा आदेश मंडळाने पोलिसांना द्यायचा. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत जास्तीत जास्त सात वर्षं म्हटलं आहे.

कलम ७४(२): चारित्र्य प्रमाणपत्रासाठी असो वा दुसऱ्या कशासाठी, पोलिसांनी बालकाची नोंद उघड करायची नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तर प्रलंबित प्रकरणाचीसुद्धा नाही. म्हणजे कागद सात वर्षं कपाटात राहीलही, पण तो कपाटातून काढून कुणाला दाखवायचा नाही.

तेव्हा तो ठाण्यातला माणूस "दिसतंय की" म्हणतो, ते दिसत असेलही. प्रश्न ते त्याने कुणाला सांगावं का हा आहे.

कडक_भाकरी | सकाळी ९.०५

वा. म्हणजे सात टाके पडलेल्या पोराचं काय? त्याच्या डोक्यावरची नोंद कोण नष्ट करणार? पुण्यात मे २०२४ ला पोर्शेखाली दोघं चिरडली तेव्हा बघितलं की. तीनशे शब्दांचा निबंध लिही म्हणाले. असले लाड करायचे आणि उद्या हेच पोरगं वर्दी घालून आम्हाला दंडुका दाखवणार.

चाटीगल्लीचा_मामा | सकाळी ९.२०

भाऊ, त्या पोराच्या घरी आम्ही तिघं जाऊन पाया पडून आलोय. दवाखान्याचं बिल दाजींनी मालकाकडनं उचल घेऊन भरलं, ती उचल अजून फिटायली. लाड म्हणू नका एवढंच.

ताई, कागदावर '१८' असं पुसट दिसतंय. पुढं '(१)(क)' किंवा तसलंच काहीतरी.

ॲड_जुळेसोलापूर | दुपारी १.४५

(जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे.)

१८(१) मधलं पहिलं पोटकलम म्हणजे समज. सल्ला देऊन, बजावून घरी पाठवणं. त्याच्या खाली समुपदेशन, समाजसेवा, पालकांकडून दंड, परिवीक्षा (म्हणजे देखरेखीखाली सोडणं), आणि अगदी शेवटी विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं. तुमच्या मुलाला यातलं सगळ्यात सौम्य मिळालेलं आहे.

कडक भाकरींचा राग मला समजतो, पण दोन गोष्टी एकत्र होत आहेत. कायदा गुन्ह्याचे तीन प्रकार करतो. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेला किरकोळ, किमान सात वर्षं शिक्षा सांगितलेला अतिगंभीर, आणि मधला सगळा गंभीर. अतिगंभीर असेल आणि मूल सोळा पूर्ण झालेलं असेल, तरच 'याला मोठ्यासारखं चालवायचं का' अशी प्राथमिक पडताळणी होते. ही तरतूद २०१२ च्या दिल्लीच्या प्रकरणानंतर आली. 'किमान' हा शब्द सगळे विसरतात. पुण्याच्या प्रकरणात सदोष मनुष्यवधाचं जुनं ३०४ होतं, त्याला कमाल जन्मठेप असली तरी किमान सात वर्षं कुठे लिहिलेली नव्हती. मोठ्यासारखं चालवायची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. पटो न पटो, कायद्याचा मजकूर तसा आहे. मलाही त्या निबंधाचं हसू आणि चीड दोन्ही आलं होतं.

३२४ ला कमाल तीन वर्षं. म्हणजे मामा, तुमचं प्रकरण 'किरकोळ' वर्गातलं.

आणि हो, आपल्याकडे दगडफेक झाली की ३०७ (खुनाचा प्रयत्न) लागलंच म्हणून आईबाप हादरतात. ३०७ लाही, म्हणजे आताच्या न्याय संहितेतल्या १०९ लाही, साध्या प्रकरणात किमान सात वर्षं नाहीत. त्यामुळे ते 'गंभीर'मध्ये जातं, 'अतिगंभीर'मध्ये नाही. पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचं, उलट आहे. तिथल्या काही कलमांना किमान दहा-वीस वर्षं आहेत, त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलावर ते लागलं की ती प्राथमिक पडताळणी आलीच.

निवृत्त_जमादार | दुपारी ३.१०

ताई, एक विचारतो. किरकोळ असेल तर एफआयआर करायचाच नसतो ना? आमच्या वेळी स्टेशन डायरीला नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल, एवढं मंडळाकडे पाठवायचो.

ॲड_जुळेसोलापूर | दुपारी ३.३०

बरोबर, काका. अतिगंभीर असेल किंवा मोठ्यांच्या जोडीने केलेलं असेल, तरच एफआयआर. इथे तीन मोठे होते, म्हणून झाला. आणि गोम तिथेच आहे. कलम २३ प्रमाणे मुलाचं प्रकरण वेगळं चालतं, तसं ते चाललं आणि संपलं. पण मोठ्यांच्या केसमधला एफआयआर आणि दोषारोपपत्र अजून जिवंत आहे, त्यात चौथं नाव याचं आहे. सिस्टीमला दिसतं ते तिथलं.

गुरुजी_मंगळवेढा | सायंकाळी ६.००

जन्मतारखेचं नीट बघा. आमच्या शाळेत एके काळी निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जून. आईबापाला आठवायची नाही, हेडमास्तर लिहून टाकायचे. मीही लिहिल्यात, खोटं का बोलू. एका पोराचं वय त्यामुळे अठराच्या पुढं गेलं आणि ते दोन महिने मोठ्यांच्या जेलात राहिलं. पुढं महापालिकेचा जन्मदाखला मिळाला तेव्हा सुटलं.

ॲड_जुळेसोलापूर | सायंकाळी ६.४०

गुरुजी, ही फार मोलाची गोष्ट सांगितलीत. क्रम असा, कलम ९४: आधी शाळेने दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. काहीच नसेल तर हाडांची तपासणी. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शाळा बदलताना मिळणारा दाखला आणि प्रवेश नोंदवहीचा उतारा ही कलमात लिहिलेली कागदपत्रं नव्हेत. तेव्हा नुसता एलसी पुढे करून निर्धास्त राहू नका.

वय मोजायचं ते गुन्ह्याच्या दिवशीचं, पकडल्याच्या दिवशीचं नाही. आणि 'मी तेव्हा लहान होतो' हा मुद्दा कुठल्याही कोर्टात, कुठल्याही टप्प्यावर काढता येतो. निकाल लागल्यावरही.

नवीपेठ_आई | रात्री ८.१५

मध्येच विचारते, राग मानू नका. मुलगा पंधरा वर्षांचा, ट्यूशनला ॲक्टिव्हा नेतो. सगळीच नेतात. पोलिसांनी धरलं तर त्याच्या नावावर गुन्हा लागतो का?

ॲड_जुळेसोलापूर | रात्री ८.२५

ताई, त्याच्यापेक्षा तुमच्या नावावर लागतो. मोटार वाहन कायदा, कलम १९९ए, २०१९ ची दुरुस्ती. पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. चावी आजच कपाटात ठेवा.

नवीपेठ_आई | रात्री ८.२७

बाप रे. ठेवली.

डीपी | रात्री ११.५०

मी इथं या नावानंच लिहितो. नावाची गोष्ट सांगतो, मामांच्या भाच्याला उपयोग होईल.

पंधरा वर्षांचा असताना आम्ही तिघांनी एमआयडीसीच्या बाजूला बंद पडलेल्या डीपीतली तांब्याची तार काढली. भंगारवाल्याकडं जायच्या आधीच धरलो गेलो. वर्दीतले पोलीस बघून मी चड्डीत... जाऊ द्या. पण मंडळासमोर नेलं तेव्हा सोबतचा पोलीस साध्या शर्टात होता, बेड्या नव्हत्या. मला वाटलं होतं सिनेमातल्यासारखं कोर्ट असेल, उंचावर जज्ज, पिंजरा. खोलीत एक टेबल, पलीकडं तिघं जण, अलीकडं प्लास्टिकच्या खुर्च्या. मी उभाच राहिलो. मॅडम म्हणाल्या, "बस. जेवलास का?" माझी आई तिथंच रडायला लागली, कारण मी सकाळपासून जेवलो नव्हतो आणि ते तिच्यासुद्धा लक्षात नव्हतं.

समाजसेवा सांगितली. दर रविवारी एका वाचनालयात पुस्तकं झटकायची. तिथंच वर्तमानपत्र वाचायची सवय लागली, नाहीतर आज इथं दोन ओळी टाइप करता आल्या नसत्या.

आता मी पुण्यात एका कंपनीत फोरमन आहे. कंपनीनं पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं, स्वच्छ आलं. पासपोर्ट झाला. कागदावर काही नाही. पण गावाकडं चौकातला पानवाला अजून हाक मारतो, "काय डीपी, कधी आलास?" त्याला माझं खरं नावसुद्धा आठवत नसेल. पहिली काही वर्षं मी पलीकडच्या गल्लीनं जायचो. आता थांबतो, मावा सोडलाय तरी थांबतो.

लेझीम_फर्स्ट_लाइन | बुधवार, सकाळी ८.००

डीपीभाऊ, _/\_

कडक_भाकरी | सकाळी ८.३०

ठीक आहे. कालचा सूर जरा जास्त झाला माझा. पण मार खाल्लेल्याची बाजू कुणी मांडत नाही, हे माझं म्हणणं मी सोडणार नाही.

निवृत्त_जमादार | सकाळी १०.२०

मूळ प्रश्न राहिलाच. फॉर्मवर लिहायचं का नाही? माझं मत तेच, लिहा.

बार्शीचा_विधीविद्यार्थी | सकाळी १०.४५

मला नाही पटत. कायद्यानं जे पुसलंय ते पोरानं स्वतःच्या हातानं परत का लिहायचं? सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा केंद्रीय दलातल्या भरतीचा निकाल आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की अल्पवयीन असतानाचा आरोप खरा निघाला तरी त्यावरून नोकरी नाकारता येणार नाही, कारण डाग राहूच नये हाच या कायद्याचा हेतू.

ॲड_जुळेसोलापूर | दुपारी २.००

दोघांचंही अर्धं बरोबर.

२०१९ चा निकाल तसाच आहे. पण त्याच्या आधी २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने माहिती लपवण्याबद्दल सविस्तर सांगितलंय. विचारलेली माहिती खरी द्यावी. दडवली तर नेमणूक रद्द होऊ शकते. मात्र तरुण वयातली क्षुल्लक बाब असेल तर नोकरी देणाऱ्याने ती सोडून देण्याचाही विचार करावा. बालकाच्या प्रकरणाला हे लागू होतं का, यावर वकिलांत वाद घालता येतो आणि घातला जातो. विद्यार्थी महाशय तो वाद जिंकतीलही. पण जिंकेपर्यंत मुलाची बॅच ट्रेनिंग संपवून बाहेर पडलेली असेल. सध्या सोलापूरची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जातात, ऑगस्ट २०२५ पासून. मुंबईपेक्षा बरं, पण खेप ती खेपच.

म्हणून मी माझ्या अशिलांना काय सांगते ते सांगते. प्रश्न शब्द न शब्द वाचा. 'दोषी ठरवून शिक्षा झाली का' असं असेल तर माझ्या मते सरळ 'नाही'. 'गुन्हा दाखल झाला होता का' असं असेल, आणि एफआयआरमध्ये नाव खरोखर आहे, तर एका ओळीत: "बालक असताना, बाल न्याय मंडळासमोर प्रकरण निकाली, कलम २४ अन्वये अपात्रता नाही, आदेशाची प्रत सोबत." बस. कथा लिहायची नाही, कुणी मारलं, कुणी आधी शिवी दिली, काही नाही. 'अटक' विचारलं असेल तर 'अटक नाही, ताब्यात घेतले होते' असंच लिहा.

त्यासाठी आदेशाची प्रमाणित नक्कल लागेल, ती काळ्या ढब्ब्याची झेरॉक्स नव्हे. मंडळाकडे नकलेचा अर्ज करा. त्याच वेळी दुसरा अर्ज: कलम २४(२) प्रमाणे नोंद नष्ट करण्याबाबत पोलिसांना आदेश झाला आहे का, नसेल तर करावा. आपोआप होईल म्हणून बसू नका. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००.

निवृत्त_जमादार | दुपारी २.४०

हे पटलं. माझ्याकडून एक भर. आदेश झाला तरी तो ठाण्यापर्यंत पोचला का ते बघा. मी स्वतः असे लखोटे बारनिशीत (आवक-जावक टेबलावर) तीन-तीन महिने पडलेले पाहिलेत. प्रत हाताने न्या, आवक शिक्का मारून घ्या, आणि शिक्क्याची प्रत घरी ठेवा. 'पुसून टाका' सांगणारा कागदच जपायचा, हे विचित्र वाटेल, पण जपा.

चाटीगल्लीचा_मामा | दुपारी ४.१५

एक राहिलं ताई. त्या वेळी मिरवणुकीचा व्हिडिओ कुणीतरी नावासकट फिरवला होता. भरतीची यादी लागल्यावर परवा गल्लीच्या ग्रुपवर परत आलाय. "बघा कोण पोलीस होतंय" म्हणून.

ॲड_जुळेसोलापूर | दुपारी ४.३०

कलम ७४. मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काहीही कुठल्याही माध्यमातून उघड करणं गुन्हा. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आधी ग्रुपच्या ॲडमिनला हे कलम शांतपणे पाठवा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. स्क्रीनशॉट मात्र आधी काढून ठेवा.

चाटीगल्लीचा_मामा | सोळा दिवसांनी, रात्री ९.३०

मंडळी, उशीर झाला, माफी.

ॲडमिन म्हणजे समोरच्या मंडळाचा खजिनदार निघाला. कलम पाठवलं, दहा मिनिटांत व्हिडिओ गेला. दुसऱ्या दिवशी ज्याला टाके पडले होते तोच पोरगा दुकानात आला. म्हणाला, "मामा, मी नव्हतो टाकला." चहा घेऊन गेला. कडक भाकरी भाऊ, तुम्हाला सांगायचं होतं म्हणून लिहिलं.

नकलेसाठी पहिल्यांदा गेलो तर बैठकीचा वार नव्हता. दुसऱ्यांदा अर्ज घेतला. जुनी फाइल शोधायला आठवडा गेला. तिसऱ्यांदा नक्कल मिळाली, गोल शिक्का एकदम निळा, वाचता येणारा. कलम १८(१)(क)च होतं, वर 'समज देऊन पालकांच्या ताब्यात' असं स्वच्छ लिहिलेलं. दुसरा अर्ज, नोंदीचा, तोही दिलाय. त्यावर तारीख पडलीय पुढच्या महिन्यातली. विधी सेवाकडनं एक तरुण वकील मिळालेत, पैसा नाही घेतला.

फॉर्म ताईंनी सांगितला तसा एका ओळीत भरला. पोरानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, हात थरथरत होता. पडताळणीचा निकाल अजून नाही. पोरगं मात्र पहाटे चारला पळायलंयच, यादी लागली तरी. दाजी म्हणतात, आता कशाला पळतोस बे, झोप की जरा.

बहीण नक्कल लॅमिनेट करायला निघाली होती. करू का?

निवृत्त_जमादार | रात्री ९.४१

अजिबात नको! लॅमिनेशन केलं की शिक्का तपासता येत नाही, घ्यायलाच नकार देतात. प्लास्टिकच्या फोल्डरात ठेवा. आणि तंबाखूपासून लांब.